काळोखावर पंधरा ओळी: लेकीला मदत कशी करू?

ओसरी (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आमचं घर गोव्यात, माशेलला. लेक दहा वर्षांची, मराठी शाळेत जाते. सुट्टीतल्या अभ्यासाच्या वहीत एक विषय आलाय: ‘एका काळोख्या जागेचे वर्णन करा. पंचज्ञानेंद्रियांचा वापर करा.’ पंधरा ओळी. तिने पाच मिनिटांत लिहून वही माझ्या पुढ्यात टाकली.

‘एक गुहा होती. गुहेत खूप काळोख होता. मला खूप भीती वाटली. तिथे खूप वटवाघळे होती. मी घाबरून पळत सुटले. घरी आल्यावर आईने मला दूध दिले.’

मी म्हटलं, अगं, यात पंचज्ञानेंद्रियं कुठे आहेत? तिने वही ओढून घेतली आणि खाली भर घातली: ‘डोळ्यांनी काळोख दिसला. कानांनी आवाज ऐकला. नाकाने वास आला. जिभेने चव घेतली. त्वचेने स्पर्श झाला.’ म्हणजे पाचही जणांची हजेरी लागली, सगळे उपस्थित!

आता खरं दुखणं. ही मुलगी आधी अशी लिहीत नव्हती. मी माहेरची सावंतवाडीची, सासर अंत्रुजातलं, म्हणजे फोंड्याकडचं. घरात सासूबाईंची कोंकणी, माझी मराठी, लेक दोन्हींत पोहते. गेल्या वर्षी एका निबंधात तिने लिहिलं होतं, ‘न्हाणीत रात्री मला भंय दिसते.’ कोंकणीत ‘म्हाका भंय दिसता’ असंच म्हणतात, भीती ‘वाटत’ नाही, ‘दिसते’. शाळेत त्यावर लाल रेघ आली आणि वर लिहून आलं ‘वाटते’. व्याकरण म्हणून बरोबर असेल. पण त्या दिवसापासून हिच्या वहीत फक्त ‘खूप’ उरलंय. खूप काळोख, खूप भीती, खूप मजा.

तर तीन प्रश्न. हिला वर्णन करायला कसं शिकवू? एखाद्या गुंफेत वगैरे नेऊन आणावं का? आणि घरातले कोंकणी शब्द तिने लिहिले तर राहू द्यावेत का?

बाबल्या (रात्री ९.५२)

‘आईने मला दूध दिले’ हे वाक्य कृपया काढू नये. अख्ख्या निबंधात तेवढंच एक खरं घडलेलं आहे.

ओसरी (रात्री ९.५५)

तेही नाही हो. ती दूध पीत नाही.

खडूचा_तुकडा (रात्री १०.२०)

मी पाचवीला मराठी शिकवते. मुलांकडे कल्पना असते, शब्द नसतात. मी वर्गाच्या भिंतीवर तक्ता लावलाय. काळोख: मिट्ट, गडद, किर्र, काळाकुट्ट. वास: कुबट, कोंदट, उग्र, आंबूस, खवट, करपट. स्पर्श: खरखरीत, बुळबुळीत, गिळगिळीत, दमट, ओशट. आवाज: टपटप, सळसळ, फडफड, करकर, खुडबुड. रोज चार शब्द वाक्यात वापरून घ्या. महिन्यात फरक दिसेल. फार तत्त्वज्ञान करू नका, शेवटी पेपर तपासणाऱ्याच्या हातात तीन मिनिटं असतात.

दिवेलागण (रविवार, सकाळी ६.३०)

ओसरीताई, तक्ता भिंतीवर असू दे, त्याला माझी हरकत नाही. पण मी डिचोली-साखळीकडच्या प्राथमिक शाळांत ३१ वर्षं काढली आहेत आणि तक्त्याने काय होतं ते पाहिलंय. मुलं तक्ताच लिहितात. एका वर्षी मी ‘किर्र काळोख’ शिकवला. पुढच्या आठवड्यात अडतीस वह्यांत किर्र. विहिरीत किर्र, पेटीत किर्र, एकाने तर फ्रिज उघडला तर आत किर्र काळोख! फ्रिज उघडला की दिवा लागतो हेसुद्धा त्या शब्दाने त्याला विसरायला लावलं. अरे, किर्र हा रातकिड्यांचा आवाज. जिथे किडे ओरडताहेत तो काळोख किर्र. ते गप्प झाले की दुसरा शब्द शोधायला हवा.

तेव्हापासून मी उलटं करू लागलो. आधी वस्तू, मग शब्द.

गोणपाटाची पिशवी घ्या. आत एक वस्तू. लेकीने न बघता हात घालायचा आणि वस्तूचं नाव न घेता सांगायचं. नाव घेतलं की डाव संपला. मी ठेवायचो नारळाचं सोडण, शेणीचा तुकडा, कोंबडीचं पीस, पाण्यात बुडवून काढलेला चिऱ्याचा खडा, वाटीत भिजवलेला साबुदाणा. एकदा ओलसर सोलं, म्हणजे आमसुलं, ठेवली होती. पोराने हात घातला आणि किंचाळलं, ‘सर, कोणाचा तरी कान!’ चाळीस जणांचा वर्ग आणि ‘गिळगिळीत’ हा शब्द कोणाला आठवला नाही, पण कान कोणी विसरलं नाही. मग मी फळ्यावर ‘गिळगिळीत’ लिहिलं. शब्द असा मागून आला तर चिकटतो.

गुंफेचं विचारलंत. मी मुलांना साखळीजवळच्या हरवळेच्या गुंफेत नेत असे. सहाव्या-सातव्या शतकातली मानतात ती, जांभ्यात कोरलेली, आत शिवलिंगं. लोक पांडवांची गुंफा म्हणतात. तिचा एक गुण असा की ती खोल नाही. दारातून उजेड आत येतो आणि कुठेतरी थकतो. तो कुठे थकतो तेवढंच मुलांनी शोधायचं. मी चार जागी उभं करायचो: बाहेर उन्हात, दारात, आत दोन पावलांवर, मागच्या भिंतीशी. प्रत्येक ठिकाणी एकच ओळ. पहिल्या दोन ओळींत डोळे चालतील, पुढच्या दोन ओळींत डोळ्यांना सुट्टी.

जांभा हाताला कसा लागतो माहीत आहे ना? भोकं असतात, बोटाचं टोक आत जातं आणि ओलं होऊन बाहेर येतं. बाजूलाच धबधबा. तो बाहेर कानाला ऐकू येतो. आत गेल्यावर एका मुलीने लिहिलं, ‘आत पाणी भिंतीतून बोलते.’ मी त्या ओळीत काहीही दुरुस्त केलं नाही. काय दुरुस्त करणार?

जिभेचं म्हणाल तर जबरदस्ती करू नका. गुंफेच्या भिंतीला कोण जीभ लावतो? पाचांपैकी तीन इंद्रियं नीट जागी झाली तरी पुरे. पण तोंड कोरडं पडणं, ओठांवर धूळ बसणं, घाबरल्यावर येणारा आवंढा, हेही जिभेच्याच वाट्याचं आहे, तेवढं तिच्या कानावर घाला.

अबोली (सकाळी ७.१५)

सर, कान वाचून चहा सांडला.

चिरेबंदी (सकाळी ९.०५)

थोडं डोळ्यांबद्दल, कारण मुलं ‘काही दिसत नव्हतं’ लिहून मोकळी होतात आणि ते बहुधा खरं नसतं.

डोळ्याच्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी. शंकूच्या आकाराच्या पेशींना रंग कळतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाकार पेशींना रंग कळत नाहीत, पण अगदी थोड्या उजेडात त्या काम करतात. दिवा मालवला की दंडाकार पेशी लगेच कामाला लागत नाहीत. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य उजेडात विघटन पावलेलं असतं, ते पुन्हा भरून यायला २० ते ३० मिनिटं लागतात. म्हणजे पाचव्या मिनिटाचा काळोख आणि पंचविसाव्या मिनिटाचा काळोख या दोन वेगळ्या जागा आहेत. मुलांना दोन्हींबद्दल वेगवेगळं लिहायला सांगा. मध्ये कोणी मोबाइल काढला की पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावला तर नुकसान कमी होतं.

दोन गमती घरबसल्या करता येतील.

एक, तिन्हीसांजेला अंगणातल्या लाल जास्वंदीसमोर बसा. उजेड उतरत गेला की आधी लाल जातो. फूल काळं पडतं आणि त्याच वेळी पानं मात्र अजून फिकट दिसत राहतात. दुपारी उलट होतं, फूल झगमगतं आणि पान मागे राहतं. पूर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १९व्या शतकात हे टिपलं, म्हणून परिणामाला त्याचंच नाव. पोरगी विज्ञान विसरेल, पण ‘जास्वंद आधी विझली’ असं काहीतरी लिहील.

दोन, काळोखात अंधूक वस्तूकडे सरळ बघायचं नाही, किंचित बाजूला बघायचं. पडद्याच्या अगदी मध्यावर दंडाकार पेशी नसतात, म्हणून सरळ बघितलं की वस्तू गायब होते आणि नजर सरकवली की परत येते. माळ्यावरचं भूत असंच तयार होतं. बघायला गेलं की नाही, मान वळवली की आहे!

बाबल्या (सकाळी ९.३०)

एवढं कळलं असतं तर लहानपणी आजोळच्या विहिरीकडे बघून बोंब मारली नसती.

माझ्याकडून एक सोपी जागा. मडगावहून रत्नागिरीच्या पुढे चिपळूणकडे गाडीने जाताय का सुट्टीत? करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, कोकण रेल्वेवरचा सगळ्यांत लांब. गाडीच्या वेगाप्रमाणे पाचसहा मिनिटं काळोख, तोही फुकट. आमच्या डब्यात पोरं बोगदा आला की ओरडतात. मी पुतण्याला म्हटलं, तू ओरडू नकोस, ऐक. त्याने सांगितलं, ‘काका, गाडी स्वतःलाच ओरडते आहे.’ खिडकीच्या गजाला हात लावला तर गार, बाहेरून ओल्या मातीचा वास, डब्यातून कोणाच्यातरी डब्यातल्या बटाट्याच्या भाजीचा. आणि बोगदा संपताना उजेड डोळ्यांत येतो ती तर थोबाडीतच.

रातकिडा (दुपारी १.१०)

वाळपईहून. नाव माझंच घेतलंय वर सरांनी, त्यामुळे बोलणं भाग आहे. :)

ओसरीताई, गुंफा, जुने बोगदे, पडकी घरं यांत लहान मुलीला आत्ता नेऊ नका, किमान माझ्यासारख्या माहीतगाराशिवाय नको. पहिलं कारण वटवाघळं. ती त्रास देत नाहीत, आपणच देतो. टाळ्या वाजवून, टॉर्च मारून त्यांना उडवलं की पिल्लं खाली पडतात. शिवाय त्यांच्या विष्ठेची धूळ नाकात जाणं बरं नाही. दुसरं म्हणजे, सत्तरी तालुक्याच्या रानात २०१५पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत. तो गोचिडींमधून पसरतो आणि मोसम थंडीपासून पावसाच्या तोंडापर्यंत. पाचोळ्यात पोरांना बसवून ‘पानांचा स्पर्श अनुभवा’ हे मेमध्ये आमच्याकडे अजिबात नको.

पण मे संपता संपता एक गोष्ट घराच्या कुंपणापाशी मिळते. काजवे. पहिल्या वळवाच्या सरीनंतर, वारा पडलेला असताना, ओढ्याच्या कडेची झाडं बघा. मुलांना विचारा की काजवा विझल्यावर तो कुठे असेल? मूल बोट दाखवतं आणि काजवा भलतीकडेच पेटतो. मधल्या वेळात तो उडत होता. दोन उजेडांमधल्या काळोखात काय घडलं, यावर मुलं मस्त लिहितात.

पावसाळ्यात म्हादई अभयारण्यात कुजक्या लाकडांवर चमकणारी बुरशी दिसते. फिकट हिरवट. डोळे पंधरा-वीस मिनिटं काळोखाला सरावले नाहीत तर तुम्ही तिच्यावर पाय देऊन पुढे जाल. मी गेलोय.

वासाबद्दल एक. वळवाचा वास कुठून येतो हे मुलं हमखास विचारतात. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ बनवतात. पाण्यात एक लाख कोटी भागांत त्याचे जेमतेम पाच-दहा भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतं. १९६४मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी पहिल्या पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ नाव दिलं. गुंफेतला, तळघरातला, न्हाणीच्या कोपऱ्यातला तो मातकट वासही बराचसा याच कुळीतला. मी मुलांना सांगतो, काळोख्या कोपऱ्यात नाक घातलं की तिथे पाऊस कधी पडून गेला ते कळतं.

खडूचा_तुकडा (दुपारी २.४५)

सगळं छान आहे. पण चाळीस मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका, वर्गाला सहा खिडक्या. वीस मिनिटं डोळे सरावत बसले तर लिहायचं कधी? सर निवृत्त आहेत, मी नाही. आणि गोणपाटातल्या सोलांच्या डागांबद्दल पालकांची चिठ्ठी मला येईल, सरांना नाही. रागावून म्हणत नाही, पण घर आणि वर्ग यांत फरक आहे.

दुसरं, ‘भंय दिसते’बद्दल. मीही ते बदललं असतं, हे कबूल करते. मराठीच्या वहीत मराठी. उद्या तपासणारा कोल्हापूरचा असेल, त्याला काय कळणार?

दिवेलागण (दुपारी ३.२०)

तासिकेचं तुमचं बरोबर आहे. पिशवीचा खेळ सात मिनिटांत होतो, बाकीचं घरी द्या. सोलांऐवजी वाळकी आवळकाठी ठेवा, डाग पडत नाहीत.

दिसते-वाटतेचं मात्र पटत नाही. कोल्हापूरच्या माणसाला ‘भंय’ कळत नाही? ‘भय’वर एक अनुस्वार आहे फक्त. आणि काळोखाच्या निबंधात, जिथे काहीच दिसत नाही तिथे, भीती तेवढी ‘दिसते’. मोठ्या माणसाला हे सुचायला दहा वर्षं घासावं लागेल. ती चूक असेल तर ती चूक तिच्याकडून मी विकत घेतो.

खडूचा_तुकडा (दुपारी ३.३१)

सर, ती चूक तिने जाणून केलेली नाही. तिला माहीतच नव्हतं की मराठीत ‘वाटते’ म्हणतात. नकळत झालेल्या गोष्टीला आपण उगाच कविता ठरवतोय का?

अबोली (दुपारी ३.५०)

माझं वय एकाहत्तर, शिक्षण आमच्या काळात पोर्तुगीजमध्ये सुरू झालं आणि मुक्तीनंतर मराठीत संपलं. मी हा वाद तीन भाषांत ऐकलाय. दर वेळी मुलीने वही मिटली आणि मोठ्यांनी वाद चालू ठेवला. एक करा. तिला दोन्ही सांगा. कोंकणीत दिसतं, मराठीत वाटतं. मग तिने हवं ते निवडावं. मग कोणी म्हणायला नको की नकळत झालं.

खडूचा_तुकडा (दुपारी ३.५८)

हे चालेल.

पांढरी_काठी (रात्री ८.१५)

उशिरा येतोय. मोबाइल वाचून दाखवतो तो माझा, त्यामुळे लांब प्रतिसाद ऐकायला वेळ लागतो. चिरेबंदींचा प्रतिसाद दोनदा ऐकला, जास्वंदीसाठी. मला आठवते ती.

वयाच्या ३२व्या वर्षी माझी दृष्टी गेली. तेव्हापासून लोक मला काळोखात राहणारा माणूस समजतात. मला काळं काही दिसत नाही. तुमच्या पाठीमागे आत्ता कोणता रंग दिसतोय तुम्हाला? कुठलाच नाही ना? तसं.

पण तुमच्या लेकीसाठी एकदोन गोष्टी माझ्या रोजच्या कामातल्या आहेत. खोलीत शिरलं की मला तिचा आकार ऐकू येतो. रिकामी खोली पावलाचा आवाज परत देते. कपडे, गाद्या, पुस्तकं असलेली खोली तो गिळून टाकते. दार उघडं असेल तर त्या बाजूचा गाल गार लागतो. भिंत जवळ आली की आवाज दाटतो. हे कळायला कान तीक्ष्ण लागत नाहीत. माझे कान पूर्वीचेच आहेत, मी पूर्वी त्यांच्याकडे लक्ष देत नव्हतो एवढंच.

आणि लाइट जाते तेव्हा काय ऐकू येतं असं विचारू नका. आधी काय ऐकू येईनासं झालं ते विचारा. फ्रिजची घरघर थांबते, पंखा थांबतो, शेजारचा टीव्ही वाक्याच्या मध्यावर तुटतो. मग एक पोकळी. आणि मग लांबचे आवाज त्या पोकळीत येऊन बसतात, देवळातली घंटा, खाडीवरची होडी, कोणाच्या तरी घरी भांडं. हा क्रम लिहिला तरी ‘खूप काळोख होता’ लिहायची गरज पडणार नाही.

एक तक्रारही करतो. पोरांच्या प्रत्येक काळोखात वटवाघूळ, भूत आणि चोर का असतो? माझ्या काळोखात बहुतेक वेळा चहा असतो.

बाबल्या (रात्री ८.२२)

शेवटच्या वाक्याला माझ्याकडून एक कप.

ओसरी (रात्री ९.००)

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. पांढरी_काठी, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. तिने विचारलं, ‘त्यांना स्वप्नात दिसतं का?’ विचारू का असं विचारून विचारतेय.

पांढरी_काठी (रात्री ९.१४)

दिसतं. ३२ वर्षांचा साठा आहे. पण हल्ली स्वप्नातली माणसं तोंडं कमी दाखवतात, आवाजच जास्त काढतात. तिला सांगा, चांगला प्रश्न होता.

ओसरी (पुढचा शनिवार, रात्री १०.०५)

धागा वर काढतेय. सांगण्यासारखं झालंय.

आठवडाभर पिशवीचा खेळ खेळलो. सासूबाई आधी म्हणाल्या, ‘कितें हें पिसेंपण!’ आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच पिशवीत हात घालून बसल्या. जास्वंदही बघितली. लेक म्हणाली ती विझली नाही, ‘मिटली’, पण पाकळ्या तर उघड्याच होत्या. मी गप्प बसले, मोठ्या कष्टाने.

बुधवारी संध्याकाळी गडगडाट झाला आणि लाइट गेली. लेक तेव्हा माळ्यावर होती, अढीतले आंबे चाचपायला पाठवलं होतं. मी खालून हाक मारणार होते, ‘थांब, बॅटरी आणते.’ तोंड उघडलं आणि मिटलं. शिडीच्या तळाशी उभी राहिले. वीसेक मिनिटं. आई म्हणून सांगते, ती वीस मिनिटं तिच्यापेक्षा मला जड गेली. मध्ये एकदा वरून आवाज आला, ‘आई, तू आहेस?’ मी ‘आहे’ म्हटलं. एवढंच बोललो.

खाली उतरली ती थेट वहीकडे. मेणबत्तीच्या उजेडात लिहिलं. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं, बाकी जसंच्या तसं:

‘लाइट गेली तेव्हा मी माळ्यावर होते. आधी खालचा फ्रिज थांबला. मग काहीच नव्हतं. मग आंबे आले. ते दिसले नाहीत, वासाने आले. पिकलेल्या आंब्यांचा वास वर होता आणि एका कुसक्या आंब्याचा वास खाली गवतात होता. गवत पायाला टोचत होतं. हाताला पत्र्याची पेटी लागली. ती गार होती. नंतर हाताला पैशांसारखा वास आला. तोंडात धूळ गेली, तिला चव नव्हती पण ती दातांत वाजत होती. कौलांवर काहीतरी चालत होतं. ते माणूस नव्हतं कारण चार पाय होते. ते थांबलं की मी थांबायचे आणि मी थांबले की ते पण थांबायचं. आजीने खाली देवाला दिवा लावला. मला आजी दिसली नाही पण काडी ओढलेली ऐकू आली आणि फळीच्या फटीतून एक पिवळी रेघ वर आली. तोपर्यंत मला भंय दिसत होतं. मग माझा पाय दिसला.’

‘दिसत होतं की वाटत होतं?’ असं मी विचारलं, अबोलीताईंनी सांगितल्याप्रमाणे, दोन्ही समजावून. तिने पेन तोंडात घालून विचार केला आणि म्हणाली, ‘वाटलं लिहिलं तर पुढचं पायाचं वाक्य बसत नाही.’

दिवेलागण (रात्री १०.१२)

शिडीच्या तळाशी उभं राहिल्याबद्दल तुम्हाला नमस्कार. ‘दातांत वाजत होती’ मी माझ्या वहीत उतरवून घेतलंय.

खडूचा_तुकडा (रात्री १०.२०)

हार मानते. जाणून केलंय तिने. माझ्याकडे तपासायला आलं असतं तर ‘भंय’खाली रेघ मारली नसती. ‘कुसक्या’खाली तर नाहीच, तक्त्यात तो शब्दच नाही, उद्या टाकते. (एक ‘मग’ कमी केला तर चालेल का? बरं, नको. राहू दे.)

चिरेबंदी (रात्री १०.३१)

पैशांचा वास बरोबर टिपलाय. लोखंडाला घामेजला हात लागला की तो वास हातावरच तयार होतो, पत्र्याला नसतो. पोरीला सांगा, तिला पेटीचा नव्हे, स्वतःचाच वास आला.

रातकिडा (रात्री १०.४०)

ते कौलांवरचं महत्त्वाचं. कांडेचोर असणार, म्हणजे उदमांजर. आंब्याच्या वासाने येतो. कौल सरकवून आत उतरतो. अढी मोजली का सकाळी?

ओसरी (रात्री १०.४८)

मोजली. दोन कमी. एक अर्धा खाल्लेला, कोय चाटूनपुसून साफ.

बाबल्या (रात्री १०.५०)

कुठले आंबे? मानकुराद असतील तर तक्रार नोंदवा.

ओसरी (रात्री १०.५६)

मुसराद. मानकुराद आम्हीच संपवले.

लेकीला रातकिडांचं सांगितलं. झोपायला पाठवली होती, पुन्हा उठून बसलीय. म्हणते, आता त्याच्या बाजूने लिहिते. पहिली ओळ झालीये: ‘आज माळ्यावर आंब्यांशिवाय आणखी कोणाचा तरी वास आहे.’